फुग्यात शब्द मावत नाहीत, आणि इतर प्रश्न

मुलांसाठी चित्रकथा काढणाऱ्यांचे आणि काढू पाहणाऱ्यांचे प्रश्न या अंकासाठी मागवले होते. ‘माझी चित्रं कशी वाटली?’ एवढंच विचारणारी पत्रं बाजूला ठेवली आहेत. पानं समोर घेऊन बसल्याशिवाय त्यांना उत्तर देता येत नाही. बाकीच्यांतून निवडलेले प्रश्न खाली आहेत. नावं छापलेली नाहीत.

मुलांच्या एका मासिकाकडे आठ पानांची चित्रकथा पाठवली. ‘चित्रं छान, पण गोष्ट लागत नाही’ असा शेरा मारून ती परत आली. चित्रं छान आहेत, तर मग अडलं कुठे? (तरुण चित्रकार, नागपूर)

आधी एक चाचणी करा. पात्रांचं बोलणं ज्यांत लिहितात त्या सगळ्या फुग्यांवर कागदाचे कपटे चिकटवा आणि गोष्ट माहीत नसलेल्या माणसाला पानं दाखवा. कोण आहे, कुठे आहे आणि काय झालं, एवढं त्याला सांगता आलं पाहिजे. नाही आलं, तर संपादकांचा शेरा बरोबर आहे. बहुतेक वेळा दोष चारांपैकी एका जागी सापडतो.

पहिला, सगळ्या चौकटी एकाच अंतरावरून काढलेल्या असतात. प्रत्येक चौकटीत माणसं कमरेपासून वर, मागे कोरी भिंत. असं पान फोटोंच्या अल्बमसारखं दिसतं. नवीन जागा आली की एक चौकट लांबून काढा आणि घर, अंगण, विहीर, कोण कुठे उभं आहे ते सगळं दाखवून टाका. त्यानंतर जवळ जायला हरकत नाही.

दुसरा दोष बाजूंच्या अदलाबदलीचा. पहिल्या चौकटीत आजी उजवीकडे, नातू डावीकडे आणि तिसऱ्या चौकटीत उलट. लहान वाचक दर वेळी चेहरे नव्याने ओळखायला थांबतो. दोघांमधून एक रेघ गेली आहे असं समजा आणि रेघेच्या एकाच अंगाला राहून सगळं काढा. पलीकडे जायचंच असेल तर मध्ये एक चौकट अशी ठेवा, जिच्यात कुणीतरी चालत दुसऱ्या बाजूला जाताना दिसतं.

तिसरा, बोलण्याचा क्रम. आपण डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली वाचतो. म्हणजे आधी बोलणारा डावीकडे उभा हवा. चित्राच्या सोयीसाठी त्याला उजवीकडे ठेवलंत, की उत्तर आधी आणि प्रश्न नंतर वाचला जातो. जागा बदलता येत नसेल तर पहिला फुगा दुसऱ्यापेक्षा पुरत्या एका फुग्याच्या उंचीने वर घ्या. थोडासा वर घेऊन भागत नाही.

चौथा दोष सगळ्यात जास्त नडतो, तो म्हणजे क्षणाची निवड. चेंडू लागून माठ फुटतो, असा प्रसंग घ्या. नवखा चित्रकार एकाच चौकटीत बॅट फिरवलेला मुलगा, उडालेला चेंडू, फुटलेला माठ आणि ओरडणारी आजी कोंबतो. यातलं आधी काय आणि नंतर काय, ते कळत नाही. त्याऐवजी पहिल्या चौकटीत बॅट फिरली आहे आणि चेंडू चौकटीबाहेर निघाला आहे. दुसरीत आजी तांब्या घेऊन माठाकडे वळली आहे, चेंडू कुठेच नाही. तिसरीत फक्त आजीची पावलं, भोवती पाणी आणि मोठ्या अक्षरात ‘खळ्ळ!’. माठाला चेंडू लागताना दाखवायची गरज पडली नाही, तो वाचकाने मनातच फोडला.

हे सगळं सुटतं थंबनेलच्या, म्हणजे छोट्या कच्च्या आराखड्याच्या टप्प्यावर. एका कागदावर आठ छोटी पानं आखा, साधारण ५ बाय ७ सेंटिमीटरची. काड्यांची माणसं आणि फुग्यांच्या जागा एवढंच काढा, बोथट पेन्सिलीने, म्हणजे बारकाव्यात शिरायचा मोह होत नाही. आठ ते बारा वर्षांच्या वाचकांसाठी पानाला पाच-सहा चौकटी पुरतात, त्याहून लहान मुलांना तीन-चार. दचकवायचा प्रसंग पान उलटल्यावरच्या पहिल्या चौकटीत यायला हवा, म्हणजे डावीकडच्या पानावर. त्यासाठी तुमची कथा अंकात डाव्या पानावर सुरू होणार की उजव्या, हे संपादकांना आधीच विचारून घ्या. बरेच जण विचारत नाहीत, आणि मग गंमत समोरच्याच पानावर आधी दिसून जाते.

बारावीत आहे. चित्रकथा काढण्याचा कोर्स कुठे असतो? घरचे म्हणतात, आधी डिग्री घे. (विद्यार्थिनी, सातारा)

घरच्यांचं ऐकायला हरकत नाही, फक्त डिग्री कुठली ते नीट निवड. निव्वळ चित्रकथेची पदवी आपल्याकडे सहसा मिळत नाही. जवळचे रस्ते दोन. एक, उपयोजित कला म्हणजे अप्लाइड आर्टचा बीएफए, ही कलेची पदवी. मुंबईचं सर ज. जी. उपयोजित कला महाविद्यालय किंवा पुण्याचं अभिनव कला महाविद्यालय ही त्यातली ओळखीची नावं. प्रवेशासाठी राज्याची कला सीईटी द्यावी लागते. दुसरा रस्ता डिझाइनचा. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन शाळेत बारावीनंतर जायचं तर यूसीड ही परीक्षा, पदवीनंतर जायचं तर सीड. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेची परीक्षा वेगळी असते.

कुठेही गेलीस तरी अक्षरांकन, मांडणी आणि छपाई हे विषय टाळू नकोस. वर्गात सगळ्यांना फिगर ड्रॉइंग आवडतं, पण चित्रकथेच्या पानावर रोजचं पोट या तीन कंटाळवाण्या विषयांवर भरतं. आणि संपादकाला दाखवायच्या पोर्टफोलिओत सुट्या चित्रांपेक्षा सलग पानं ठेव. दोन पानांच्या पूर्ण झालेल्या दोन गोष्टी वीस देखण्या मुखपृष्ठांना भारी पडतात.

इंग्रजी चित्रकथेचं मराठी करण्याचं काम मिळालं आहे. मजकूर फुग्यांत मावत नाही, आणि फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं तुटतात. ‘क्त’ लिहिलं की ‘क्‌त’ दिसतं. (डीटीपी करणारी वाचक, म्हापसा)

जोडाक्षरांचं औषध सोपं आहे. फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा. जुन्या आवृत्त्यांत तिथेच मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन असा पर्याय आहे. मग नवीन फाइल उघडून मजकूर पुन्हा टाका, कारण आधीचे थर आपोआप सुधारतीलच असं नाही. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या मेन्यूत वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर निवडावा लागतो. फुकटात करायचं असेल तर इंकस्केपमध्ये देवनागरी नीट जुळते. मात्र ते रंग आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या रंगांत ठेवतं, म्हणून छपाईची पीडीएफ स्क्रायबस या मोफत सॉफ्टवेअरमधून काढा.

मावत नाही, याचं कारण फक्त शब्दांची लांबी नाही. इंग्रजी चित्रकथेतलं अक्षरांकन सगळं कॅपिटलमध्ये असतं. वर काही जात नाही, खाली काही लोंबत नाही, त्यामुळे ओळी एकमेकींना चिकटवता येतात. मराठीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार. ‘मूर्ख’ लिहिलंत की वर रफार आणि खाली दीर्घ उकार, दोन्ही एकाच शब्दात येतात. लहान वाचकांसाठी अक्षर ११ ते १२ पॉइंट ठेवलं तर ओळींतलं अंतर १५ ते १६ पॉइंट लागतं. म्हणजे इंग्रजीच्या चार ओळींच्या जागेत मराठीच्या तीनच बसतात. अक्षर बारीक करून मावेल, पण वाचणाऱ्या पोराचे डोळे अजून सरावलेले नाहीत.

मग करायचं काय? मजकूर कापायचा. फुग्यात १२ ते १५ शब्दांपुढे जाऊ नका. जे चित्रात दिसतं ते बोलण्यातून काढून टाका. ‘अरे बापरे, हा बघ केवढा मोठा वाघ माझ्या अंगावर धावून येतोय!’ यातला वाघ दिसतोच आहे, ‘वाघ! पळा!’ पुरे. मूळ फाइलमध्ये फुगे वेगळ्या थरावर असतील तर ते मोठे करण्याची परवानगी प्रकाशकाकडे मागा. चित्राला चिकटलेले असतील तर फुगा वाढवताना मागचं चित्र नव्याने रंगवावं लागतं, आणि त्याचे पैसे वेगळे मागावेत.

बारीकसारीक म्हणून सोडून दिल्या जाणाऱ्या, पण मराठी वाचकाला लगेच खटकणाऱ्या दोन गोष्टी. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांत फरक आहे. पहिल्यात नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य असं टंकावं लागतं, नाहीतर डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. आणि काही फॉन्टांत मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ असतात, पण मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय ते येत नाहीत. फॉन्टाबद्दल म्हणाल तर बालू आणि कलम हे दोन्ही युनिकोड, मोफत आणि मुलांच्या पानाला शोभणारे आहेत. छापखान्याकडे श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टातली फाइल द्यायची वेळ आलीच, तर अक्षरांचे कर्व्ह करून द्या, म्हणजे अक्षरांचं चित्र होतं आणि फॉन्ट लागत नाही. मात्र कर्व्ह न केलेली प्रत जपून ठेवा. कर्व्ह केलेल्या मजकुरात एक ऱ्हस्व-दीर्घही सुधारता येत नाही.

पावसाळ्यात शाई कागदावर पसरते, रेघेला केस फुटतात. शाई बदलू की कागद? (कलाशिक्षक, रत्नागिरी)

आधी कागद. चित्राच्या कागदावर खळीसारखा एक थर असतो, तो शाईला वरच धरून ठेवतो. कोकणातल्या दमट हवेत कागद पाणी ओढतो आणि हा थर सैल पडतो. पातळ कार्ट्रिज कागद आधी हात टेकतो. २५० जीएसएमच्या आसपासचा गुळगुळीत ब्रिस्टॉल किंवा आयव्हरी वापरा. गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि लागेल तेवढाच बाहेर काढा. पेन्सिल खोडताना घासू नका, कागद खरवडला की तिथे रेघ हमखास फुटते. मळता येणारं खोडरबर दाबून उचला. तळहाताखाली एक कोरा कागद ठेवा, घामही तेवढाच वैरी आहे.

शाई वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक हवी, फाउंटन पेनची नाही. वर जलरंग देणार असाल तर हे फारच महत्त्वाचं, नाहीतर काळी रेघ विरघळून आजीचा चेहरा राखाडी होतो. वॉटरप्रूफ शाई मात्र फाउंटन पेनात भरू नका, ती आत सुकून पेन कायमचं बंद करते. ती टाकाच्या निबेसाठी आणि ब्रशसाठी. नव्या निबेवर तेलाचा हात असतो, त्यामुळे शाई थेंबाथेंबाने सुटते. आधी साबणाच्या पाण्याने धुऊन पुसून घ्या.

टॅबलेटवर काढलेली रंगीत पानं पडद्यावर झळाळतात, छापून आली की मळकट. काळी अक्षरंही अंधूक दिसतात. छापखाना म्हणतो, फाइलच चुकीची. (चित्रकार, कोल्हापूर)

छापखाना बहुधा बरोबर आहे. पडदा उजेडाने रंग दाखवतो, छपाई चार शायांनी. झगझगीत हिरवा, निऑन गुलाबी, विजेसारखा निळा हे रंग त्या चार शायांत नसतातच. रंगवायला सुरुवात करण्यापूर्वीच सीएमवायकेचा, म्हणजे या चार शायांत रंग कसे छापतील ते दाखवणारा प्रूफ चालू ठेवा. शेवटी बदललंत तर सगळं चित्र एकदम मरगळलेलं दिसतं.

अक्षरं अंधूक दिसतात कारण तुमचा काळा चार शायांचा झाला आहे. आरजीबीतला काळा बदलताना त्यात निळा, गुलाबी, पिवळाही मिसळतो, आणि चार प्लेटांपैकी एक केसभर सरकली की बारीक अक्षराला रंगीत कड येते. अक्षरं आणि बारीक बाह्यरेषा फक्त काळ्या शाईत, १०० टक्के, बाकी तीन शून्य, आणि ओव्हरप्रिंट, म्हणजे खालचा रंग न कापता त्याच्यावरच छापलेली. चारही शायांची बेरीज साध्या न्यूजप्रिंटवर २४० टक्क्यांच्या आसपास आणि गुळगुळीत आर्ट पेपरवर ३०० पर्यंत ठेवा, त्याहून जास्त झाली की शाई सुकत नाही आणि समोरच्या पानावर उमटते. नेमका आकडा छापखान्याकडूनच घ्या.

बाकी मापं अशी. रंग ३०० डीपीआय, काळी रेघ वेगळी दिली तर ६०० ते १२००. चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापायच्या रेघेबाहेर गेलेलं जादा चित्र. फुगे आणि चेहरे कापायच्या रेघेपासून निदान १० मिलिमीटर आत, शिवणीच्या बाजूला १५. मूळ चित्र छपाईपेक्षा मोठं काढा. ए-४ छापायचं असेल तर ए-३ वर, म्हणजे साधारण १.४ पट. लहान करताना हाताचा थरथराट लपतो, पण फार बारीक काढलेल्या सावलीच्या रेघा एकमेकींत मिसळून काळा डागही होतो.

सुप्पांडी इतकी वर्षं तसाच कसा दिसतो? एकच चित्रकार ते काढतो का? (वाचक, ठाणे)

नाही. ‘टिंकल’ हे मुलांचं चित्रकथांचं नियतकालिक १९८० मध्ये सुरू झालं, आणि तिथला सुप्पांडी राम वाईरकरांनी घडवला. ‘अमर चित्र कथा’तली ‘कृष्ण’ ही त्यांचीच. त्यांच्यानंतर सुप्पांडी काढला तो त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर यांनी. ‘शिकारी शंभू’ हा भित्रा शिकारी वसंत हळबे यांचा, पुढे सॅव्हियो मस्कारेन्हस यांनी तो चालवला. मुंबईत निघणाऱ्या या प्रकाशनांत मराठी चित्रकारांचा हात मोठा होता. पुण्याचे प्रताप मुळीक, कालिया कावळा काढणारे प्रदीप साठे ही आणखी दोन नावं.

पात्र टिकतं ते मॉडेल शीटमुळे. त्या एका कागदावर पात्र समोरून, बाजूने, मागून आणि तिरकं काढलेलं असतं, डोकं आणि शरीर यांचं प्रमाण रेघा आखून दिलेलं असतं, हसणं-रडणं-घाबरणं असे सहा-सात चेहरे असतात, हाताच्या मुठी असतात आणि ‘असं काढू नये’ असे नमुनेही. मुलांच्या चित्रकथेतलं मूल साधारण अडीच-तीन डोक्यांच्या उंचीचं असतं, मोठं माणूस पाच-सहा. नवीन पात्र बेतताना त्याची आकृती पूर्ण काळी भरून बघा, नुसत्या सावलीवरून ओळखता आलं पाहिजे. शंभूचे तर डोळेही दिसत नाहीत, टोपीखाली झाकलेले असतात. त्याची भीती दाखवायचं सगळं काम गुडघे, हात आणि मिशी करतात. सराव म्हणून आपलं पात्र एकदा डोळ्यांशिवाय काढून पाहा, देहबोली किती कच्ची आहे ते लगेच उघडं पडतं.

दुसऱ्याचं पात्र हुबेहूब काढता येणं हा या धंद्यात कमीपणा नाही. नोकरी बहुतेक वेळा त्याच कामाने सुरू होते.

मुलगी नऊ वर्षांची, सतत कॉमिक्स काढते. महागडा टॅबलेट घ्यावा का? (पालक, बंगळूर)

इतक्यात नको. तिला पुस्तक पुरं करायची सवय लागू दे. ए-४ कागद आडवा धरा, घड्या घालून आठ सारखे भाग करा, वर चार, खाली चार. मधल्या आडव्या घडीवर फक्त मधल्या दोन भागांपुरती चीर द्या. कागद लांबट दुमडा, दोन्ही टोकं एकमेकांकडे ढकला, चीर उघडेल, मग पानं एका दिशेने गुंडाळा. आठ पानांची वही तयार. सपाट कागदावर खालच्या ओळीत डावीकडून मलपृष्ठ, मुखपृष्ठ, दुसरं, तिसरं पान येतं आणि वरच्या ओळीत डावीकडून सातवं, सहावं, पाचवं, चौथं, तेही उलटं. सगळी चित्रं कागदाच्या एकाच बाजूला असल्याने झेरॉक्स काढून वर्गात वाटता येतात. वाचायला हवंच असेल तर बालभारतीचं ‘किशोर’, १९७१ पासून निघतंय, जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत.

प्रकाशकाने करारात ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं एक वाक्य घातलं आहे. पात्र माझं आहे. सही करू का? (चित्रकार, पुणे)

तसंच्या तसं नको. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तुम्ही नोकरीत नसाल, तर तुम्ही काढलेल्या चित्रांचे पहिले मालक सर्वसाधारणपणे तुम्हीच. पगारी नोकर म्हणून काढलीत तर मालकी सहसा मालकाची. पैसे देऊन सांगून करून घेतलेल्या रंगचित्राचं किंवा व्यक्तिचित्राचं कलम वेगळं आहे, म्हणून चित्रकथेच्या बाबतीत वादाला जागाच ठेवू नका आणि मालकी कुणाची हे करारात शब्दांत लिहून घ्या.

हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि तुमच्या सहीनेच देता येतात, तोंडी दिलेले कायद्याने चालत नाहीत. कोणतं काम, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि किती मोबदला, हे सगळं त्यात यायला हवं. मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणून तर त्यांनी ‘कायमस्वरूपी’ असा शब्द घातला आहे. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो परत तुमच्याकडे येतो, करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर. तेव्हा ‘वेगळं काही’ कुठे दडलंय ते शोधा.

मागायचं ते असं: मराठी मासिकात एकदा आणि पुस्तकरूपात अमुक वर्षं छापण्याचा हक्क त्यांना. पात्र, इतर भाषा, अ‍ॅनिमेशन, खेळणी-दप्तरं हे तुमच्याकडे, किंवा प्रत्येकाचा वेगळा मोबदला. मूळ कागद परत मिळावेत हेही लिहा. कॉपीराइट वेगळा आणि कागद वेगळा. हक्क विकले तरी चित्राखाली तुमचं नाव यावं आणि चित्राची मोडतोड करून तुमच्या नावाला बट्टा लागू नये, हा अधिकार कलम ५७ प्रमाणे तुमच्याकडे राहतो. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, पण वादात पुरावा म्हणून कामाला येते. तारखेसह जपलेली थंबनेलं आणि संपादकांशी झालेले ईमेलही तितकेच उपयोगी.

पानाचे किती पैसे सांगावेत, आणि पैसे थकले तर काय? (चित्रकार, छत्रपती संभाजीनगर)

आकडा आम्ही सांगणार नाही, मासिकागणिक तो बदलतो. तुमचा तास मोजा. सरावलेल्या हाताला पाच-सहा चौकटींच्या एका रंगीत पानासाठी थंबनेल तासभर, पेन्सिल चार-पाच तास, शाई तीन-चार, रंग तीन-चार आणि अक्षरं तासभर, असे दीड ते दोन दिवस लागतात. यावरून पानाचा दर निघतो. गर्दीची चौकट, म्हणजे बाजार, जत्रा, वर्ग, एकटीच अर्धा दिवस खाते. पटकथा वाचतानाच अशा चौकटी मोजा.

काम घेताना ईमेलवर लिहून घ्या: पानं, माप, वयोगट, पटकथा कोण देणार, अक्षरं कोण टाकणार, तारखा. पेन्सिलवर दोन वेळा दुरुस्ती फुकट, शाईनंतर बदल हवा तर चौकटीमागे पैसे. काम मध्येच रद्द झालं तर झालेल्या टप्प्याचे पैसे. दिवाळी अंकाची कामं पावसाळ्यातच वाटली जातात, तेव्हा नमुने जूनमध्ये पाठवा, सप्टेंबरमध्ये नाही.

थकबाकीसाठी उद्यम ही सरकारची छोट्या उद्योगांची नोंदणी करून ठेवा, ऑनलाइन आणि मोफत आहे, एकट्या चित्रकारालाही सूक्ष्म उद्योग म्हणून मिळते. ती काम देण्याच्या आधीची हवी. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे मुदत ठरलेली असली तरी काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, मुदत ठरली नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं आणि तक्रार ऑनलाइन करता येते. बऱ्याचदा तिथवर जावं लागत नाही. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापलेली असली की लेखा विभाग बिल वरच्या गठ्ठ्यात ठेवतो. आणि बिल पान दिल्याच्या दिवशीच पाठवा, अंक छापून आल्यावर नाही.